वासाचा वाटा

फुलं कालची आहेत असं तुळसक्का बोलून गेली, आणि गांधीबझारच्या कोपऱ्यावर बसणारी चिक्कतायम्मा हातातली माळ तशीच धरून तिच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं ही बाई तिच्याकडून देवाची फुलं नेत होती. घासाघीस सोडली तर दोघींत वाकडा शब्द कधी झाला नव्हता. "अम्मा, पहाटे गाडीतून उतरलीत ही," चिक्कतायम्मा म्हणाली. "अख्खा रस्ता घमघमतोय. सर्दी झालीय की माझ्यावर राग आहे?" शेजारी उभी असलेली एक बाई हसली आणि तिनं स्वतःसाठी घेतलेला गजरा नाकाशी नेऊन डोळे मिटले. तुळसक्कानं टोपलीत पाहिलं. कळ्या घट्ट होत्या, देठाशी हिरवट, त्यांच्यावरचे पाण्याचे थेंब अजून गोल होते. बोटांनी चाचपल्या तर थंड आणि ताठ. डोळे म्हणत होते ताजी, बोटं म्हणत होती ताजी. मग कालची असं म्हणालं कोण? देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नसतो आणि तो तिनं घेतलाही नव्हता. पण देवळातलं कीर्तन जसं रस्त्यानं जाणाऱ्याच्या कानावर आपसूक पडतं, तसा मोगरा न बोलावता येतो. आज तो आला नव्हता. तिनं तीन हात माळ मोजून घेतली, केळीच्या पानात बांधून पिशवीत ठेवली आणि चालू लागली. पुढं कॉफी भाजणाऱ्याचं दुकान होतं. पिंप फिरत होतं, निळसर धूर रस्त्यावर उतरत होता. ती त्या धुरात जाऊन उभी राहिली. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं, बाकी काही आलं नाही. चिकोरी किती घालू असं दुकानदारानं विचारलं तशी ती दचकून पुढं निघाली. उदबत्तीचं दुकान गेलं, कापलेल्या फणसाची हातगाडी गेली, आणि वळणावरचं उघडं गटार आलं. तिथं पायात काटा मोडल्यासारखी ती वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मन लावून गटाराचा वास घेतला. पाणी प्यावं तशी कोरी हवा आत गेली. तेव्हा मात्र ती सरळ झाली आणि तिनं घराची वाट धरली.

घरापर्यंतच्या वाटेत गेल्या आठ दिवसांतल्या सगळ्या गोष्टी एकेक करून तिच्याशेजारी चालायला लागल्या. मागच्या गुरुवारी बहिणीकडून येताना बसमधून उतरत असता तिच्या लुगड्याचा काठ पायरीत अडकला आणि ती मागच्या मागं पडली. डोक्याची मागची बाजू फुटपाथच्या दगडावर आपटली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला, नारळ आपटल्यासारखा. लोकांनी उठवून बसवलं, कुणी पाणी दिलं, रक्ताचा थेंब नव्हता. घरी येऊन तिनं लुगडं फाटलं एवढंच सांगितलं, कारण डोकं आपटलं म्हटलं असतं तर एकटीनं बाहेर पडणं बंद झालं असतं. त्यानंतर कॉफी गरम पाण्यासारखी लागायला लागली, तेव्हा तिनं कॉफीपूड बदलायला सांगितलं. सार पाणचट लागलं, तेव्हा चिंचेला नावं ठेवली. रविवारी दूध करपलं, आणि बाहेरच्या खोलीतून सून धावत आली. तुळसक्का मात्र शेगडीपासून चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती. सुनेनं पातेलं उतरवलं आणि खिडकी उघडली. खिडकी कशाला उघडली, असं तेव्हा तुळसक्काच्या मनात आलं होतं. आता कळलं.

आणि चार दिवसांनी आराधना होती. गल्लीच्या टोकाला स्वामींचा छोटा मठ, आत काळ्या दगडाचं वृंदावन, म्हणजे स्वामींची समाधी. श्रावणात त्यांच्या पुण्यतिथीला तीन दिवस आराधना चाले. मधल्या दिवशीच्या नैवेद्याचं गोड, हयग्रीव, तुळसक्काच्या घरून जायचं. हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, सुकं खोबरं, खसखस, लवंगा आणि शेवटी भीमसेनी कापराचा मोहरीएवढा कण. करायला सोपा, साधायला कठीण. साधलेला हयग्रीव पानावर पडला की पसरत नाही आणि आकसतही नाही, डाळ जिभेखाली आपण होऊन मोडते, गूळ आहे हे कळतं पण गुळाचा कच्चेपणा कळत नाही. आधी तिच्या सासूबाई भागीरथम्मा करत, गेली अडतीस वर्षं तुळसक्का करत होती. मठातले पुजारी, आचार, म्हणायचे, हात आहे हो तुळसक्कांचा. पंक्तीतले लोक म्हणायचे, हात आहे. कुणी हात म्हटलं की ती मान खाली घालायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

कारण हात नव्हताच. सासूबाईंनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं: सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात डोळे आणि हात घेऊन यायचं, नाक आणि जीभ उंबऱ्याबाहेर ठेवायची. देवाचा नैवेद्य चाखायचा नाही हे कुणालाही ठाऊक असतं, पण या घरात हुंगायचाही नाही. पहिला वास देवाचा. तो काय आपल्यासारखा घास मोडून खातो? वाफ घेतो, वास घेतो, उरलेलं माणसांना देतो. आपण आधी वास घेतला तर त्याला काय उष्टी वाफ द्यायची? भागीरथम्मा स्वतः कढईवर वाकताना तोंड वळवून खिडकीकडे बघत, जणू कढईत कुणी आंघोळ करत होतं. त्यांचा हयग्रीव दर वर्षी निराळा व्हायचा. कधी खडखडीत, कधी पातळ, एकदा कापरानं कडू. प्रसादाला नाव ठेवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही आणि पानात टाकायचा तर मुळीच नाही, म्हणून त्या कडू वर्षीही लोक मान हलवत गिळत राहिले आणि भागीरथम्मा समाधानानं पाणी प्यायल्या. त्या गेल्या तोवर त्यांना कुणी सांगितलं नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सासूबाई तापानं पडल्या आणि कढईशी तुळसक्का एकटी होती. डाळीत गूळ विरघळला होता, फुगे येत होते, आणि डोळ्यांना काहीच कळत नव्हतं; पाच मिनिटांपूर्वीचा रंग तोच, आत्ताचा तोच. बाहेर मठाची घंटा वाजत होती. वीस वर्षांची पोर घाबरली, आणि वाकली. डोळे मिटून तिनं पोटापर्यंत वास ओढून घेतला. आधी मातीसारखा, उसाच्या चिपाडासारखा ओला वास होता. मग बघता बघता तो वास फिरला. कसा फिरला ते तिला पुढं कधी कुणाला सांगता आलं नसतं. हरिकथेत गोष्ट सांगणारा दास एका ओळीवर अडतो, पेटीचा सूर धरून ठेवतो, आणि मग ओळ सोडतो, तसं काहीतरी. त्या क्षणी तिनं कढई उतरवली. आणि त्या दिवशी आचार पहिल्यांदा हात म्हणाले. त्यानंतर दर वर्षी, दर सणाला, ती वाकली. पाप आहे हे माहीत असून वाकली. मधूनमधून तिनं स्वतःची समजूतही घातली होती, की एवढ्या मोठ्या जगात या कढईचा पहिला वास फक्त दोघं घेतात, एक तो आणि एक मी. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. अडतीस वर्षांत देवाशी तिची जी काही जवळीक झाली होती ती जपानं नाही, उपासांनी नाही, या चोरीनंच झाली होती. आणि आता त्यानं तिचा वाटा काढून घेतला होता. रागानं काढून घेतला असता तर गोष्ट वेगळी. इतका गुपचूप काढून घेतला, की आठ दिवस तिला पत्ता लागू दिला नाही.

यातली खरी सल निराळी होती, आणि घराचं फाटक उघडताना ती वर आली. फाटकाशी सून उभी होती, वारिजा, टेलिफोन खात्यातल्या नोकरीवर निघालेली, खांद्याला पर्स. ती बाजूला झाली, आणि फुलांची पिशवी जवळून जाताना तिनं नकळत पदर नाकाला लावला. हे ती सहा वर्षं करत होती. लग्नाच्या पहिल्या आराधनेला, नवी नवरी, हौसेनं आंघोळ करून ओलेत्यानं स्वयंपाकघरात आली, कढईवर वाकली आणि म्हणाली, "अत्ते, काय वास सुटलाय हो." तुळसक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. का झाला हे तेव्हा तिनं स्वतःला विचारलं नाही. नैवेद्य उष्टा केलास म्हणाली, आईनं हेच शिकवलं का म्हणाली, आणि चार शेर हयग्रीव उचलून गाईपुढं ओतला. दुसरी डाळ शिजवली, मठात घंटा थांबवून ठेवायला लागली, सगळ्या गल्लीला कळलं. वारिजा दाराच्या मागं उभी होती, रडलीसुद्धा नाही. तेव्हापासून सोवळ्याच्या दिवशी ती स्वयंपाकघरावरून जाताना नाक झाकून, श्वास धरून जायची. तुळसक्काला सुरुवातीला ते शहाणपण वाटलं, मग टोमणा वाटला, मग सवय झाली. गाईपुढं ओतलेल्या त्या कढईवर वारिजेच्या आधी दहा मिनिटं कोण वाकलं होतं, हे फक्त कढईला आणि देवाला ठाऊक होतं. आणि दोघंही कुणाला सांगणारी नव्हती.

डॉक्टरकडे ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि शेजारणीचं म्हणून विचारलं. शेजारीण पडली, डोक्याला मागून मार लागला, आणि बिचारीला वास येईनासा झाला. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी तुळसक्काच्या डोक्यामागं हात फिरवून टेंगूळ चाचपलं आणि म्हणाले की नाकापासून मेंदूत जाणारे धागे फार बारीक असतात, झटक्यानं तुटतात. कधी सहा महिन्यांनी जुळतात, कधी जुळत नाहीत. "शेजारणीला सांगा, शेगडीपाशी एकटीनं उभं राहू नका," असं म्हणून त्यांनी कसल्यातरी गोळ्या लिहून दिल्या, त्याही शेजारणीच्या नावानं. परत येताना तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. नवऱ्याला सांगावं असं एकदा वाटलं. व्यासराव ओट्यावर आरामखुर्चीत तपकिरीची डबी चिमटीत फिरवत बसले होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला होता, आता पंचांगातल्या चुका काढत. तिनं आडून विचारलं, तुम्हाला मोगऱ्याचा वास येतो का हो? व्यासरावांनी चिमूट नाकात भरली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "मला? पंचेचाळीस सालापासून तपकिरीशिवाय कशाचाही वास आलेला नाही. काही अडलं का माझं? तुझ्या हयग्रीवाची वाहवा मी सगळ्यांच्या आधी करतो." म्हणजे तीही वाहवा गेली. इतकी वर्षं पंक्तीत सगळ्यांत आधी मान हलवणारा माणूस आंधळ्यानं चित्र पाहावं तसा मान हलवत होता. उरलेल्यांतही असे किती असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं तो विचार चटकन झाकून ठेवला.

आराधनेच्या पहिल्या संध्याकाळी मठात हरिकथा होती. हरिकथेवर तुळसक्काचा जीव. हातात चिपळ्या घेतलेल्या माणसाचा पहिला ठेका पडला की तिच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. या वर्षीचे दास नवे होते, धारवाडकडचे, आवाज जाडा आणि खरा. त्यांनी रानातल्या त्या म्हातारीची गोष्ट लावली, जिनं देवासाठी बोरं जमवली. तुळसक्का खांबाला टेकून बसली होती, आणि तिला वाटलं की आपल्यासाठीच लावली. आता हे म्हणतील, प्रेमापुढं उष्टं-खरकटं काय. आणि ती इथंच बसल्या जागी रडून मोकळी होईल. पण दास विद्वान होते. ते थांबले, चिपळ्या थांबवल्या, आणि म्हणाले, "लोक म्हणतात, तिनं उष्टी बोरं दिली. छे हो. तेवढं शास्त्र तिला कळत होतं. झाडाचं एक बोर ती चाखायची. गोड निघालं तर त्या झाडाची बाकीची बोरं देवाला. चाखलेलं एकही बोर टोपलीत गेलं नाही." सभा वा वा म्हणाली. ओळ सुटली, ठेका पडला, सगळ्यांच्या माना डोलल्या. तुळसक्काची मान जागच्या जागी राहिली. झाडाचं ठीक आहे, तिला वाटलं, झाडाला हजार बोरं. कढई एकच असते. तिच्यातला एक कण कुणी चाखला तरी ती सगळी चाखली. म्हातारीला रान होतं, वेळ होता, आणि सासू नव्हती. समोर वृंदावनावर तिनंच आणलेला मोगरा होता, सगळा मठ त्यानं भरून गेला असणार. बायका खोल श्वास घेत होत्या हे दिसत होतं. ती एकटी त्या गर्दीत कोरड्या विहिरीसारखी बसली होती. पलीकडच्या रांगेत वारिजा होती. कामावरून थेट आली होती, दमलेली, तिला डुलकी लागत होती. झोपेत तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तुळसक्का किती वेळ तेच बघत राहिली. एखाद्या बाईचा दागिना बघावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती सोवळ्यानं कोळशाच्या शेगडीपुढं बसली. विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं, डाळ रात्रीच निवडलेली. व्यासराव पूजेत. मुलगा जयतीर्थ नोकरीपायी फिरतीवर, तो या आठवड्यात घरी नव्हताच. वारिजेनं रजा घेतली होती आणि ती बाहेर पाटरांगोळ्यांचं बघत होती. डाळ शिजली हे बोटांनी कळलं. दाणा चिमटीत मोडला, मऊ, पण आकार धरून. तिथंवर हातांनी साथ दिली. खोबरं खवट आहे की नाही हे डोळ्यांनी कळेना, म्हणून तिनं ते न घालायचं ठरवलं, आणि मग घातलं, कारण खोबऱ्याशिवायचा हयग्रीव पाहून आचार विचारतील. तूप डब्यातून वाडग्यात काढलं. पांढरं, रवाळ, दिसायला चांगलं. तूप दिसायला नेहमीच चांगलं असतं. गूळ पडला, विरघळला, फुगे यायला लागले, आणि ती वाकली. अडतीस वर्षांची सवय, नको म्हणताना वाकली. वाफ तोंडावर आली, ओली, गरम. नुसती वाफ. भिंतीला तोंड लावून बोलावं तसं झालं. कच्चा आहे की फिरला, बुडाला लागतोय की नाही, काही नाही. कापराच्या डबीचं झाकण तिनं उघडलं. या डबीतला कापूर नवा होता. नवा जोरकस असतो, जुना उडालेला असतो, किती घालायचा ते दर वर्षी डबी हुंगून ठरायचं. एक कण कमी पडला तर हयग्रीव नुसता गोड शिरा, एक कण जास्त झाला तर कडू औषध. तिनं एक कण चिमटीत घेतला आणि तशीच थांबली. करून टाकावं. काहीही झालं तरी कुणी बोलणार नाही. प्रसादाला कोण नाव ठेवणार? लोक गिळतील, आचार हात म्हणतील, नवरा सगळ्यांच्या आधी मान हलवेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. भागीरथम्मांसारखं समाधानानं पाणी पिऊन आपण मरून जाऊ. तिला ते सगळं स्वच्छ दिसलं आणि त्याचीच भीती वाटली. लोक फसतील याचं तिला काही वाटत नव्हतं. पण वर बसलेला तो, ज्याच्याबरोबर तिनं अडतीस वर्षं पहिला वास वाटून घेतला, तो आज एकटाच घेणार, आणि तो वास वाईट असला तर तेही त्यानं एकट्यानंच सोसायचं? आणि इकडे जोडीदारीण आपली काही न कळल्यासारखी हात जोडून उभी?

तिनं कण डबीत टाकला, शेगडीतले दोन निखारे बाहेर ओढले आणि हाक मारली. वारिजा उंबऱ्यापर्यंत आली. पदर नाकाला होता.

"पदर काढ," तुळसक्का म्हणाली. "वास घे आणि सांग मला."

वारिजेला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. ती म्हणाली, "देवाचं आहे ना ते, अत्ते?"

"देवाचंच आहे. मला वास येत नाही. बसमधून पडले तेव्हापासून. गूळ फिरला की नाही ते मला कळत नाहीये."

वारिजेच्या तोंडावर दया आली, आणि ती दया तुळसक्काला गाठायला निघाली तोच तिनं ती अडवली. खोटी दया घेऊन भागणार नव्हतं. ती कढईकडे बघत, ढवळणं न थांबवता, एका दमात बोलली. ओळखीचं नाव सांगावं इतक्या सरळ बोलली. "आणि ऐक. हात वगैरे काही नाही माझा. मी दर वर्षी वास घेते. सासूबाई होत्या तेव्हापासून घेते. तुझ्या पहिल्या आराधनेला मी कढई गाईपुढं ओतली ना, तू वाकायच्या आधी मी वाकले होते. तो मीच उष्टा केलेला होता."

बाहेर व्यासरावांच्या पूजेची घंटा किणकिणत होती. वारिजेनं पदर खाली केला, पण श्वास घेतलेला दिसला नाही. मग म्हणाली, "सहा वर्षं. घरात कुठलाही सण असला की मी न्हाणीघरात जाऊन श्वास सोडते, अत्ते. माझ्या आईलाही तुम्ही बोलला होतात."

"बोलले होते," तुळसक्का म्हणाली.

यापुढं काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. हरिकथेत अशा जागी अभंगाचा आधार असतो, निदान पेटी तरी वाजते. वारिजा वळली आणि निघून गेली. तुळसक्का ढवळत राहिली. गेली ती, तिला वाटलं, आणि बरोबरच आहे. मग न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला, एक तांब्या, दुसरा, भराभर. वारिजा ओलेत्यानं, केस गुंडाळून, पाणी निथळत आत आली. सहा वर्षांनी पहिल्यांदा हा उंबरा ओलांडून. "सरका," एवढंच म्हणाली आणि कढईवर वाकली.

तिनं डोळे मिटले. ओठ थोडे उघडे राहिले, भुवया वर गेल्या, गळ्याशी एक शीर हलली. तोंडावर वाफ चढत होती आणि ते तोंड कोवळं, एकटं, कुणी बघत नसल्यासारखं झालं होतं. तुळसक्का बघत राहिली. स्वतःला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे बंद दाराआड अडतीस वर्षं असं दिसत होतं ते. आणि या तोंडावर ती ओरडली होती.

"कसा येतोय?" तिनं विचारलं. आवाजात हाव आली होती, ती तिला लपवता आली नाही.

वारिजा बहुतेक शब्द शोधत असावी, किंवा द्यायचे की नाहीत ते ठरवत असावी. मग म्हणाली, "अजून ओला आहे. चिपाडासारखा." आणि थोड्या वेळानं, "तूप चांगलं आहे. खोबरं जरा जुनं आहे, पण खवट नाही." मग तिनं तुळसक्काच्या हातून कापराची डबी घेतली, दुरूनच हुंगली, ठसका लागला, आणि नखानं कण मोडून त्याचा अर्धाच आत टाकला. तो सगळा हयग्रीवच आहे की काय अशा नजरेनं तुळसक्का त्या अर्ध्या कणाकडे बघत होती. अर्धा? बहुतेक वर्षी पुरा लागतो. नवा कापूर जोरकस असतो, हे खरं. पण हिला काय ठाऊक? आणि ठाऊक असलं तरी ही खरं सांगेल कशावरून? सहा वर्षं न्हाणीघरात जाऊन श्वास सोडणाऱ्या बाईनं आज एक कण इकडचा तिकडं केला, दोन मिनिटं उशिरा सांगितलं, तर तिला नाव कोण ठेवणार? कुणाला कळणार? मला तर नाहीच. तुळसक्का ढवळत होती आणि घाम तिच्या कानामागून खाली उतरत होता. आयुष्यभर ती देवावर भरवसा आहे म्हणत आली होती. तो भरवसा कधी असा वापरावा लागला नव्हता. नाक होतं ना.

"वास फिरतोय का?" ती म्हणाली.

"बोलू नका," वारिजा म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

फुगे जड झाले, सावकाश फुटू लागले. मठाची पहिली घंटा झाली. व्यासराव बाहेरून विचारत होते, झालं का गं. तुळसक्कानं दोन्ही हातांत फडकी घेतली आणि ती कढईच्या कानांशी नेऊन ठेवली. थांबली. सुनेच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत थांबली. ते थांबणं तिला फार लांबलं असं वाटलं. दोनदा तिच्या मनात आलं की आता उतरवावं, आपल्या अंदाजानं, झालं गेलं होऊन जाऊ दे. दोन्हीदा तिनं हात आवरले.

"आता," वारिजा म्हणाली. "उतरवा, अत्ते."

तुळसक्कानं कढई उतरवली. चांगला झाला होता की वाईट, ते तिला माहीत नव्हतं. आणि आज पंक्तीत तोंडं बघत बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, एवढं मात्र तिनं ठरवलं.